रॉस यांचा जाड थेंब

पावसाळा लागला की गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात हिवतापाचे दिवस सुरू होतात. एटापल्ली तालुका छत्तीसगडच्या सीमेला टेकलेला, डोंगर आणि दाट जंगलाचा. नाले भरले की कितीतरी टोल्यांची वाट बंद होते. अशा ठिकाणी कुणाला थंडी वाजून ताप आला तर पहिली तपासणी करते ती गावातली आशाताई. ती रुग्णाच्या बोटाला सुई टोचते, रक्ताचा एक थेंब प्लास्टिकच्या छोट्या किटवर सोडते, त्यावर द्रावणाचे थेंब टाकते आणि पंधरा-वीस मिनिटे थांबते. लाल रेघ उमटली की हिवताप पक्का. ना वीज लागते, ना यंत्र, ना प्रयोगशाळा.

त्याच बोटातून ती आणखी थोडे रक्त एका काचपट्टीवरही घेते. काचपट्टीवर दोन खुणा असतात. एकीकडे जिभेच्या आकाराचा पातळ पसरलेला थर, दुसरीकडे तसाच गोल फिरवून ठेवलेला जाड ठिपका. ही काचपट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाते आणि तिथे तंत्रज्ञ ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. त्यातला जाड ठिपका सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे पद्धत तेव्हाची. ती वैद्यकीय जगापुढे ठेवली सर रोनाल्ड रॉस यांनी, १९०३ मध्ये.

हिवताप डासांमुळे होतो हे शोधणारा शास्त्रज्ञ म्हणून रॉस यांचे नाव शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू त्या मानाने अंधारात राहिली. ती बाजू म्हणजे ताप आलेल्या माणसाजवळ, त्याच्या खाटेशी, कमीत कमी साधनांत निदान कसे करायचे याची धडपड. दुर्गम भागातल्या स्वस्त तपासण्यांचा विचार करताना ती पाहण्यासारखी आहे.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्यात झाला. मेरठमध्ये उठावाची ठिणगी पडून तीनच दिवस झाले होते. वडील लष्करात अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवले गेले. मुलाचा ओढा कविता, चित्रे, संगीत आणि गणिताकडे. वडिलांच्या मनात मात्र त्याने डॉक्टर होऊन भारतातल्या सरकारी वैद्यकीय सेवेत शिरावे असे होते. शेवटी वडिलांचेच चालले. १८७४ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी नाव घातले, पण अभ्यासात जीव नव्हता. एक परीक्षा पार पडली, दुसरीत नापास झाले. मधल्या काळात अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीवर त्यांनी डॉक्टर म्हणून नोकरी केली. अखेर १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची निवड झाली आणि ते मद्रास इलाख्यात रुजू झाले.

पहिली काही वर्षे मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान अशी बदल्यांत गेली. नोकरीचे काम फार नव्हते, म्हणून ते कविता, कादंबऱ्या आणि गणितात रमत. बंगळूरच्या बंगल्यात डासांनी हैराण केले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की खिडकीजवळच्या पिंपातल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताहेत. पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. हिवतापाशी याचा काही संबंध असेल असे तेव्हा त्यांच्या मनातही आले नव्हते.

हिवतापाचा परोपजीवी तोवर सापडलेला होता. १८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फान्स लॅव्हरान यांनी रुग्णाच्या ताज्या रक्तात तो प्रथम पाहिला. भारतात तो पहिल्यांदा दिसला तो मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजात अनेक वर्षे शिकवलेले डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८८७ च्या सुमारास मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात तो ओळखला आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रे यांच्या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे ते हेच कार्टर. त्यांच्या या कामाकडे भारतातल्या डॉक्टरांनी फारसे लक्ष दिले नाही. खुद्द रॉस यांनी तापाच्या रुग्णांचे रक्त तपासून पाहिले, त्यांना परोपजीवी दिसला नाही, म्हणून तो नसतोच असे त्यांनी लेख लिहून मांडले. ताप पोटातल्या बिघाडामुळे येतो असे त्यांचे मत होते.

यात रॉस यांच्या हट्टीपणाचा भाग होता, तसा पद्धतीचाही होता. रक्ताचा थेंब ताजा पाहायचा की वाळवून, रंगवायचा की नाही, रक्तपेशींमधले काळे कण कोणते आणि काचेवरची धूळ कोणती, हे दाखवणारे कुणी शेजारी नसेल तर सूक्ष्मदर्शकही आंधळाच. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेल्यावर त्यांची गाठ पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी पडली. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना दाखवून दिले होते. त्यांनी रॉस यांना रुग्णाच्या रक्तातला हिवतापाचा परोपजीवी प्रत्यक्ष दाखवला, तो ओळखायला शिकवले आणि आपली शंकाही सांगितली की हा परोपजीवी डासामार्फत फिरत असावा. रॉस यांचा विरोध तिथेच संपला. पुढची चार वर्षे ते या एकाच प्रश्नामागे लागले.

१८९५ च्या वसंतात ते बोटीने मुंबईला उतरले. सामान जकात कचेरीतून सुटायचे होते, तेवढ्यात त्यांनी मुंबईचे सरकारी रुग्णालय गाठले आणि हिवतापाचे रुग्ण शोधून त्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या करायला घेतल्या. ही घाई त्यांच्या स्वभावाला शोभणारीच होती. तिथून ते सिकंदराबादेच्या छावणीत आपल्या पलटणीकडे गेले.

सिकंदराबादेतली त्यांची प्रयोगशाळा म्हणजे लष्करी रुग्णालयातली एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, सुया, काचेच्या बाटल्या आणि मच्छरदाणी. मदतीला स्थानिक नोकर. उन्हाळ्यात पंखा हलवायची सोय नाही, कारण वाऱ्याने टेबलावरचे डास उडून जात. कपाळाचा आणि हातांचा घाम ठिबकून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि उरलेल्या एकुलत्या एक नेत्रकाचेला तडा गेला. त्याच काचेतून ते दिवसाचे कित्येक तास एकेका डासाचे पोट फाडून पाहत होते.

दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण तपासलेले डास चुकीचे होते. घराभोवती सहज मिळणारे करडे आणि पट्टेरी डास ते पाळत. डासांच्या जाती ओळखायला मदत करणारे पुस्तक त्यांच्यापाशी नव्हते. शिवाय मॅन्सन यांच्या मनात एक चुकीची कल्पना होती. डास पाण्यात मरतो, परोपजीवी पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असे त्यांना वाटे. ती तपासण्यासाठी रॉस यांनी काही जणांना असे पाणी पाजूनही पाहिले. आजच्या वैद्यकीय नीतीत न बसणारे हे प्रयोग होते. त्यांतून निष्पन्न काही झाले नाही. १८९७ मध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात काम करताना ते स्वतःच हिवतापाने आजारी पडले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या मदतनिसांनी ठिपकेदार पंखांचे, भिंतीवर शेपूट वर करून बसणारे वेगळे डास आणले. हे ॲनाफेलीस डास होते. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत निजवून ते डास त्याला चावू दिले. चावलेल्या दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी, त्यांतला एक शेवटी उरलेला डास उघडताना, त्याच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या आणि त्यांत हिवतापाच्या परोपजीवीत असतात तसलेच काळे कण. दुसऱ्या दिवशी आणखी एका डासात त्या पेशी वाढलेल्या दिसल्या. म्हणजे परोपजीवी डासाच्या पोटात जिवंत होता आणि मोठा होत होता. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे.

शोध लागल्यावर महिन्याभरात त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला झाली. तिथे हिवताप फारसा नव्हता. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट करून त्यांना १८९८ च्या सुरुवातीला कलकत्त्यात खास कामावर नेमवून घेतले. इथे एक वेगळीच अडचण समोर आली, आणि एटापल्लीत काम करणाऱ्या कुठल्याही आरोग्य सेवकाला ती लगेच कळेल. मुंबईत १८९६ पासून प्लेगने कहर केला होता आणि त्याची धास्ती कलकत्त्यालाही होती. सुई टोचणारा माणूस दिसला की लोक पळत. सरकार प्लेगची लस टोचून काहीतरी करणार, या भीतीने हिवतापाचे रुग्ण बोट टोचून घ्यायला तयार होईनात. पैसे देऊ केले तरी नाही. साधन होते, ज्ञान होते, पण विश्वास नव्हता, आणि त्यावाचून रक्ताचा एक थेंब मिळत नव्हता.

मग रॉस पक्ष्यांकडे वळले. चिमण्या आणि चंडोल यांनाही हिवतापासारखा आजार होतो. महंमद बक्ष या मदतनिसाच्या साथीने त्यांनी आजारी पक्ष्यांना डास चाववले आणि परोपजीवीचा डासाच्या शरीरातला सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला. जुलै १८९८ मध्ये, डासाच्या लाळेच्या ग्रंथीत परोपजीवी साचलेले त्यांना आढळले. त्याच महिन्यात असे डास निरोगी चिमण्यांना चाववून त्यांनी त्या आजारी पडतात हे सिद्ध केले. हिवताप हवेतून नाही, पाण्यातून नाही, डासाच्या चाव्यातून येतो, हे पक्ष्यांपुरते पुरे झाले. माणसाच्या हिवतापाबाबत हीच साखळी त्याच वर्षी इटलीत जोव्हानी ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केली. श्रेय कुणाचे, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जो वाद पेटला तो दोघांच्या हयातीत विझला नाही. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. वैद्यकातले नोबेल मिळवणारे ते पहिले ब्रिटिश नागरिक.

रॉस १८९९ मध्ये भारत सोडून लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेत शिकवायला गेले होते. तिथून सिएरा लिओन, सुएझ कालव्यावरचे इस्मायलिया, पुढे मॉरिशस अशा मोहिमा त्यांनी केल्या. दूरच्या ठिकाणी मोठे यंत्र नेता येत नाही, हा त्यांचा जुना अनुभव. प्रवासात नेण्याजोगा छोटा सूक्ष्मदर्शक त्यांनी स्वतः आखून लंडनच्या कारागिरांकडून करवून घेतला होता. पण यंत्र लहान करून प्रश्न सुटत नव्हता. खरी अडचण वेळेची होती.

पातळ पसरलेल्या रक्तात पेशी एकेरी थरात असतात. परोपजीवीचा आकार आणि जात त्यात छान दिसते. पण रक्तात परोपजीवी थोडे असले तर एकेक क्षेत्र सरकवत तासभर शोधावे लागते. तापाच्या हंगामात दवाखान्यात रांग लागलेली असताना एवढा वेळ कुणाकडे असतो? घाईत तपासले तर रुग्ण निरोगी ठरतो आणि घरी जातो. रॉस यांनी १९०३ मध्ये यावर सोपा उपाय मांडला. थेंब पसरवायचा नाही, जाडच ठेवायचा आणि वाळू द्यायचा. जाड थेंबातून प्रकाश जात नाही, कारण लाल पेशींतले हिमोग्लोबिन आड येते. तेव्हा तो पाण्यात बुडवायचा. पाण्याने लाल पेशी फुटतात, रंग धुऊन जातो आणि परोपजीवी काचेला चिकटून राहतात. मग त्यांना रंग द्यायचा. आता तेवढ्याच जागेत पातळ थरापेक्षा वीस-तीस पट रक्त तपासता येते. तासाचे काम मिनिटांवर आले. खर्च काय, तर थोडे पाणी.

जगभर हिवतापाच्या निदानात जाड थेंब अजूनही प्रमाण मानला जातो. चांगला तंत्रज्ञ एका मायक्रोलिटर रक्तात पन्नास ते शंभर परोपजीवी असले तरी त्यातून ते हुडकतो. जाड थेंबात ते आहेत का ते पाहायचे आणि पातळ थरात जात ओळखायची, ही विभागणी एटापल्लीच्या काचपट्टीवर दिसते ती त्यासाठीच.

मॉरिशसमध्ये रॉस यांनी याहूनही स्वस्त साधन मोठ्या प्रमाणावर वापरले. ते म्हणजे हाताचा तळवा. वारंवार हिवताप होणाऱ्या मुलांची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून डाव्या बरगडीखाली हाताला लागते. १९०७-०८ मध्ये बेटावरच्या हजारो मुलांची पोटे तपासून कुठल्या गावात हिवतापाचा जोर किती, याचा अंदाज त्यांनी बांधला. ही युक्ती पंजाबात कालव्यांच्या भागात साठ वर्षांपूर्वी वापरली गेली होती. रॉस यांनी तिला मोजमापाची शिस्त दिली.

गणिताचे त्यांचे जुने वेड इथे कामी आले. एका गावात किती डास, किती आजारी माणसे, आजारी माणूस किती दिवस डासांना परोपजीवी पुरवतो, यांचा हिशेब त्यांनी समीकरणांत मांडला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिवताप प्रतिबंधावरच्या त्यांच्या ग्रंथात तो विस्ताराने आहे. निष्कर्ष धीर देणारा होता. गावातला शेवटचा डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ आपोआप ओसरते. तशीच दुसरी बाजू. माणूस जितका लवकर बरा होईल तितकी साखळी लवकर तुटते. साथरोगांच्या आजच्या गणिताचा पाया या कामात आहे.

आता एटापल्लीकडे पाहू. गडचिरोलीच्या जंगलात हिवताप मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. मेंदू, मूत्रपिंड यांवर घाला घालून काही दिवसांत जीव घेऊ शकतो तो हाच. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे या जिल्ह्यातून येत आला आहे. डोंगरातले वाहते ओढे, भातखाचरे, ओलीची दमट हवा डासांना मानवते. माणसे मोहफुले, तेंदूपत्ता, बांबूसाठी जंगलात मुक्काम करतात, तिथे मच्छरदाणी नसते.

रॉस यांचा जाड थेंब इथे अनेक दशके वापरला गेला. तरी त्याला एक मर्यादा होती आणि ती थेंबाची नव्हती, वाटेची होती. आरोग्य कर्मचारी गावात जाऊन काचपट्टी घ्यायचा. ती आरोग्य केंद्रात पोचायची, तिथे तंत्रज्ञ असला तर तपासली जायची आणि निकाल परत गावात यायला कित्येक दिवस लागायचे. पावसात नाला अडला तर आणखी जास्त. फाल्सिपेरम एवढा थांबत नाही. म्हणून देशभर रिवाज पडला होता की ताप आला की काचपट्टी घ्यायची आणि निकालाची वाट न पाहता क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या. कित्येकांना गरज नसताना औषध मिळे, आणि ज्यांना खरी गरज असे त्यांना पुरेसे मिळत नसे. पुढे फाल्सिपेरम क्लोरोक्विनला दाद देईना, तेव्हा हा अंदाजपंचे कारभार जिवावर बेतू लागला. नवे आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध सरसकट वाटून चालणार नव्हते. आधी निदान हवे होते, तेही गावातच, त्याच दिवशी.

ते काम जलद चाचणीच्या किटने केले. किटच्या आत कागदासारखी पांढरी पट्टी असते. तिच्यावर एका ठरावीक रेषेत प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. हिवतापाचा परोपजीवी रक्तात काही विशिष्ट प्रथिने सोडतो. रक्त पट्टीवरून पुढे सरकताना ही प्रथिने सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांना धरतात आणि रेषेपाशी अडकतात. सोन्याचे कण एकत्र साचले की लाल रेघ दिसते. आणखी एक रेघ नेहमी उमटायलाच हवी, ती किट चांगले असल्याची खूण. ती आली नाही तर किट फेकून दुसरे घ्यायचे. २०१३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स दोन्ही ओळखणारे किट आले. लिहिता-वाचता येणाऱ्या कुणालाही थोड्या सरावाने ते वापरता येते.

किट आले म्हणून जाड थेंब निवृत्त झालेला नाही. किटला साधारण शंभर ते दोनशे परोपजीवी प्रति मायक्रोलिटर लागतात, त्याखाली ते चुकू शकते. फाल्सिपेरमचे जे प्रथिन किट ओळखते ते रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणजे औषधाचा गुण आला का, हे किट सांगू शकत नाही, काचपट्टीच सांगते. काही परोपजीवींनी तर ते प्रथिन बनवणारा जनुकच गमावला आहे. असे परोपजीवी प्रथम दक्षिण अमेरिकेत सापडले आणि भारतातही आढळले आहेत. किटला ते दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाला दिसतात. उन्हात तापलेल्या पेटीत ठेवलेले किटही खराब होते. म्हणून दोन्ही हवेत. किट त्याच दिवशी औषध सुरू करायला, काचपट्टी पडताळणीला.

रॉस यांच्या समीकरणाचा अर्थही इथे उलगडतो. फाल्सिपेरमच्या रुग्णात, डासांना संसर्ग देणारी परोपजीवीची रूपे ताप सुरू झाल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी रक्तात दिसू लागतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी निदान होऊन औषध सुरू झाले तर तो रुग्ण वाचतोच, शिवाय टोल्यावरच्या डासांना त्याच्याकडून फारसे काही मिळत नाही. निकाल दोन आठवड्यांनी आला तर तोवर साखळी पुढे गेलेली असते. आशाताईच्या हातातले किट एका घराचे औषध आहे तसे ते सगळ्या टोल्याचे संरक्षण आहे.

आणि कलकत्त्याची अडचणही अजून गेलेली नाही. माडिया कुटुंबात ताप आला तर आधी पुजाऱ्याकडे जाण्याची रीत आहे. रक्त काढून घेतले की अंगातली ताकद जाते असे वाटणारे लोक आहेत. बाहेरून आलेला माणूस सुई काढतो तेव्हा मनात शंका येते. गावातलीच, त्यांचीच भाषा बोलणारी बाई तेच करते तेव्हा ती शंका कमी होते. पैसे देऊनही रॉस यांना जे जमले नाही ते ओळखीने जमते. सिकलसेलच्या तपासणीतही या भागात हाच अनुभव येतो. साधन कितीही लहान आणि स्वस्त झाले, तरी ते कुणाच्या हातात आहे यावर बरेच अवलंबून राहते.

रॉस यांचे उत्तरायुष्य मानसन्मानांचे होते, सुखाचे म्हणता येणार नाही. १९११ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच, १९१४ मध्ये, थोरला मुलगा मारला गेला. आपल्या कामाचा मोबदला देशाने दिला नाही ही खंत त्यांनी उघडपणे बाळगली. ग्रासीशी भांडण होतेच, ज्या मॅन्सन यांनी हात धरून शिकवले त्यांच्याशीही बिनसले. १९२६ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्था आणि रुग्णालय उभे राहिले. १९२८ मध्ये पैशांच्या गरजेपोटी त्यांनी आपले कागदपत्र विकायला काढले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. सिकंदराबादेजवळ बेगमपेटची ती इमारत त्यांच्या नावाने जपलेली आहे.

त्यांच्या शोधानंतरही हिवताप हटायला वेळ लागला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीच्या फवारणीने १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखावर आले. मग ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. आता २०३० पर्यंत देशातून हिवताप हटवण्याचे उद्दिष्ट आहे. रुग्ण कमी होत जातात तेव्हा उरलेला एकेक रुग्ण शोधणे जास्त महत्त्वाचे ठरते, आणि तो बहुधा एटापल्लीसारख्या तालुक्यातच, रस्त्यापासून दूर असतो.

वाचकांनी यातून घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत. जंगलाच्या भागात राहणाऱ्या किंवा तिथून आठ-पंधरा दिवसांत परतलेल्या कुणालाही ताप आला तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. शहरातल्या डॉक्टरांना आपण कुठे जाऊन आलो ते आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या मनात गडचिरोलीचा हिवताप लगेच येईलच असे नाही. किटवर रेघ आली नाही आणि ताप मात्र चालूच राहिला तर पुन्हा तपासणी करावी आणि काचपट्टीही द्यावी. औषध मिळाले तर ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालील मूल असेल तर एक दिवसही थांबू नये. गुंगी येणे, झटके, सतत उलट्या, लघवी कमी किंवा गडद होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे. आणि कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घरात पेटीत घडी करून न ठेवता रोज रात्री लावावी, जंगलात मुक्कामाला जाताना सोबत न्यावी.